व्हायरस, फ्लॉपी आणि दुरुस्तीवाला

२६ एप्रिल १९९९, सोमवार. आमच्या तालुक्याच्या गावातल्या हायस्कूलच्या कचेरीत हेडक्लार्क काकांनी सकाळी संगणक सुरू केला. निळं आकाश आणि ढगांचं ते ओळखीचं चित्र पडद्यावर आलं. काकांनी गुणांचे तक्ते उघडले आणि सगळं जागच्या जागी थिजलं. माउस हलेना, कळफलक दाद देईना. त्यांनी बटण दाबून यंत्र बंद केलं, पुन्हा चालू केलं. पंखा फिरू लागला, हिरवा दिवा लागला, पण पडदा काळा तो काळाच.

निकाल पाच दिवसांवर होता. १ मेचं महत्त्व महाराष्ट्रातल्या शिक्षकांना वेगळं सांगायला नको. पाचवी ते नववीच्या अकरा तुकड्यांचे गुण त्या यंत्रात होते आणि ते भरले होते मी. बारावीची परीक्षा देऊन मोकळा होतो, संगणकाला हात लावायला मिळतो म्हणून आठ दिवस कचेरीत बसून आकडे टाइप करत होतो.

दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावाहून दुरुस्तीवाला आला. त्यानं झाकण उघडलंसुद्धा नाही. म्हणाला, "व्हायरस आहे. कालपासून हेच चाललंय." मग विचारलं, "बाहेरची फ्लॉपी, सीडी काही घातली होती का?"

काका ठामपणे "नाही" म्हणाले. मी गप्प राहिलो. चार दिवसांपूर्वी संध्याकाळी, कचेरीत कोणी नसताना, मी एका मित्राकडून आणलेली खेळांची सीडी त्या यंत्रात घातली होती.

पुढे संशोधनाच्या कामामुळे संगणकाशी रोजची गाठ पडली आणि या व्हायरसांचा इतिहास हाती येईल तिथून वाचत गेलो. त्यात हुशार प्रोग्राम आहेत, खोडकर मुलं आहेत, पैशाचे व्यवहार आहेत. पण वाचताना मला दर वेळी तो दुरुस्तीवाला आठवतो, कारण या साऱ्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: यंत्र बिघडल्यावर माणसं कोणाकडे धावली, आणि तिथे गेल्यावर खरं बोलली का?

आधी नावाचं बघू. १९८३ साली अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्यानं वर्गात एक प्रात्यक्षिक दाखवलं. त्याचा छोटासा प्रोग्राम दुसऱ्या प्रोग्राममध्ये स्वतःची नक्कल चिकटवत असे. त्याला व्हायरस म्हणावं असं सुचवलं त्याचे शिक्षक लेनर्ड ॲडलमन यांनी. उपमा चांगलीच चपखल आहे. जीवशास्त्रातला विषाणू स्वतःच्या बळावर वाढू शकत नाही. त्याला दुसऱ्या पेशीची यंत्रणा लागते. संगणकाचा व्हायरसही नुसता पडून राहिला तर निरुपद्रवी असतो. यजमान प्रोग्राम कोणी चालवला की मगच तो जागा होतो. एक फरक मात्र विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावा: संगणकाचा व्हायरस आपोआप उत्पन्न होत नाही. प्रत्येकाच्या मागे कोणीतरी बसून ओळ न ओळ लिहिणारा माणूस असतो.

वैयक्तिक संगणकांवर, म्हणजे कचेऱ्यांत आलेल्या आयबीएम जातीच्या यंत्रांवर, सर्वदूर पसरलेला पहिला व्हायरस आला १९८६ च्या जानेवारीत. कुठून? तर लाहोरहून. बासित आणि अमजद फारूक अल्वी हे दोघे भाऊ तिथे संगणकाचं दुकान चालवत. दुकानाचं नाव ब्रेन कॉम्प्युटर सर्व्हिसेस, म्हणून व्हायरसही ब्रेन. आणि गंमत अशी की व्हायरसच्या पोटात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि टेलिफोन क्रमांक लिहून ठेवले होते. या व्हायरसपासून सावध राहा, लस हवी असल्यास आमच्याशी संपर्क साधा, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. म्हणजे कचेऱ्यांमधल्या संगणकांचा पहिला व्हायरस आपल्या दुरुस्तीवाल्याचा पत्ता सोबत घेऊनच हिंडत होता!

तो पसरत कसा असे? संगणक चालू होतो तेव्हा त्याला फारसं काही येत नसतं. फ्लॉपीच्या अगदी पहिल्या कप्प्यात जे लिहिलं असेल ते वाचायचं आणि मुकाट्यानं पाळायचं, एवढंच त्याला ठाऊक. ब्रेन त्या पहिल्या कप्प्यात जाऊन बसे. तिथला मूळ मजकूर तो फ्लॉपीवर दुसरीकडे हलवी आणि ती जागा खराब आहे अशी खोटी नोंद करून ठेवी, म्हणजे तिथे कोणी फिरकू नये. अशा फ्लॉपीनं यंत्र सुरू केलं की व्हायरस मेमरीत शिरे आणि नंतर घातलेल्या प्रत्येक फ्लॉपीला लागे. संशय येऊन कोणी पहिला कप्पा तपासायला गेलंच, तर तो मधेच अडवून हलवलेला मूळ मजकूर पुढे करी. दारात उभ्या असलेल्या चोरानं "आत सगळं ठीक आहे, साहेब" म्हणावं तसं. एक खूण मात्र राही, फ्लॉपीचं नाव बदलून ब्रेन होई.

भावांनी हे का केलं? त्यांचं म्हणणं, आमच्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरून नकला होत होत्या, त्या कुठवर जातात ते बघायचं होतं. १९८८ साली 'टाइम' साप्ताहिकानं वेगळी हकिकत छापली: परदेशी कंपन्यांच्या महागड्या सॉफ्टवेअरच्या स्वस्त नकला हे दुकान विकत असे आणि परदेशी गिऱ्हाइकांच्या नकलांमध्ये व्हायरस घातला जाई. दोन्हींतलं काहीही असो, फोन मात्र खरोखर येऊ लागले, तेही अमेरिकेतून. १९८८ च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत एका महिला बातमीदाराची फ्लॉपी उघडेना. तिच्यात अनेक महिन्यांच्या कामाची टिपणं होती. कचेरीतल्या तंत्रज्ञानं फ्लॉपीवरचा कच्चा मजकूर पडद्यावर काढला, तर त्यात लाहोरचा पत्ता. २०११ साली फिनलंडचा व्हायरसतज्ज्ञ मिको हिप्पोनेन तो पत्ता शोधत लाहोरला गेला, तर दोघे भाऊ त्याच ठिकाणी कामात होते.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर १९९० साली भारतात आढळलेला एक व्हायरस घ्या. त्याचं नाव चक्क जोशी! ५ जानेवारीला यंत्र सुरू केलं की ते अडून बसे आणि पडद्यावर सूचना येई: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. तेवढं केलं की काम पुढे सुरू. दुसरी काही मोडतोड नाही. कोण हे जोशी, ते उघड झालं नाही. (आडनावावरून तर्क करणाऱ्यांना आपल्याकडे तोटा नाही, पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे.) हा जोशी तीन कळा एकदम दाबून यंत्र पुन्हा सुरू केलं तरी मेमरीतून जात नसे. विजेचं बटणच बंद करावं लागे. जुन्या पिढीतले संगणकशिक्षक 'आधी मेन स्विच बंद कर' असं दरडावून का सांगत, त्याचं एक कारण हे.

लाहोरच्या भावांनी निदान पत्ता तरी खरा दिला होता. पुढच्या वर्षादोन वर्षांत पत्त्याचा अर्थच बदलला. १९८९ च्या डिसेंबरात सुमारे वीस हजार फ्लॉप्या टपालानं देशोदेशी गेल्या. वर लिहिलं होतं, एड्सविषयी माहिती. यंत्र नव्वद वेळा सुरू होईपर्यंत फ्लॉपीतला प्रोग्राम मोजत बसे आणि मग फाइलींची नावं सांकेतिक करून टाकी. सोडवणुकीसाठी १८९ डॉलर पनामातल्या एका टपालपेटीवर पाठवा, असा हुकूम. हे खंडणीचं पहिलं प्रकरण. ब्रिटनमधल्या जिम बेट्स यांनी त्या प्रोग्रामची चिरफाड केली आणि फाइली परत मिळवून देणारा उतारा फुकट वाटला.

आता थोडं मागे, २ नोव्हेंबर १९८८ कडे येऊ. तोवर इंटरनेट म्हणजे विद्यापीठं आणि संशोधनसंस्था यांची सुमारे साठ हजार यंत्रं. कॉर्नेल विद्यापीठातला रॉबर्ट टॅपन मॉरिस हा बावीस वर्षांचा विद्यार्थी. त्याचे वडील अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रातले मोठे शास्त्रज्ञ होते, हा योगायोगही ध्यानात ठेवण्यासारखा. मॉरिसनं जाळ्यातून स्वतःहून पुढे सरकणारा प्रोग्राम सोडला. त्याला यजमान प्रोग्राम लागत नसे, म्हणून त्याला व्हायरस न म्हणता वर्म, म्हणजे किडा, म्हणतात. एका यंत्रात आपली नक्कल आधीच आहे का, हे तो विचारी. पण "आहे" असं खोटं उत्तर देऊन कोणी त्याला फसवू नये म्हणून, "आहे" उत्तर आलं तरी सातांतून एकदा शिरायचंच, असं मॉरिसनं ठरवलं होतं. हिशेब चुकला. सातांतून एक हे प्रमाण फारच जास्त ठरलं. यंत्रांत नकलांची गर्दी झाली आणि ती दमून बसली. बाधा झालेल्या यंत्रांचा त्या वेळचा अंदाज सहा हजारांच्या आसपास होता.

आता मला महत्त्वाचा वाटणारा भाग. आपल्या हातून काय झालं हे मॉरिसला त्याच रात्री कळलं. त्यानं हार्वर्डमधल्या अँडी सडथ या मित्राला फोन केला. पहाटे साडेतीनच्या सुमारास सडथनं नाव न देता एक संदेश जाळ्यावर टाकला. त्यात किडा कसा थांबवायचा याचे तीन उपाय होते आणि ते बरोबर होते. पण तोवर घाबरलेल्या व्यवस्थापकांनी आपापली यंत्रं जाळ्यापासून तोडली होती, वाटेतली यंत्रं गुदमरली होती. ज्यांना उपाय हवा होता त्यांच्यापर्यंत तो वेळेत पोहोचलाच नाही. बर्कली, एमआयटी आणि इतर ठिकाणच्या लोकांनी रात्रभर जागून तोच उपाय नव्यानं शोधला आणि एकमेकांना टेलिफोनवरून सांगितला. ज्यांच्याकडे दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाचा साधा फोन नंबर होता ते लवकर सावरले.

या धड्यातून त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट हे मदतकेंद्र उभं राहिलं. त्याचा मुख्य भाग काय होता? दिवसरात्र उचलला जाणारा एक टेलिफोन. आपल्या देशातलं असं सरकारी केंद्र, सर्ट-इन, २००४ च्या जानेवारीपासून काम करू लागलं. मॉरिसला १९९० साली तीन वर्षांची देखरेख, चारशे तासांची समाजसेवा आणि दहा हजार पन्नास डॉलर दंड अशी शिक्षा झाली. पुढे तो एमआयटीत प्राध्यापक झाला. त्यानं नाव घालून, दिवसाउजेडी, लगेच सांगितलं असतं तर किती फरक पडला असता? जाळं तुटलेलंच होतं म्हणा. पण हा विचार मनातून जात नाही, त्याचं कारण वाचकांना कळलंच असेल.

इकडे कचेऱ्यांत मात्र सर्ट वगैरे कोणाला ठाऊक नव्हतं. तिथे मदत म्हणजे दुकानदार. ६ मार्च १९९२ च्या आसपास मायकेलअँजेलो व्हायरसची मोठी घबराट झाली. ६ मार्च हा त्या शिल्पकाराचा वाढदिवस, म्हणून संशोधकांनी हे नाव दिलं. प्रोग्रामच्या पोटात त्याचा उल्लेखही नव्हता. त्या दिवशी यंत्र सुरू केलं की हा व्हायरस डिस्कच्या सुरुवातीचा भाग निरर्थक मजकुरानं भरून टाकी. पन्नास लाख यंत्रांना धोका आहे असे आकडे वर्तमानपत्रांत आले. प्रत्यक्षात काही हजार यंत्रांचं नुकसान झालं. ओरड खोटी होती की ओरडीमुळेच लोकांनी यंत्रं तपासून घेतली? मला वाटतं दोन्ही थोडं थोडं. काही कचेऱ्यांनी संगणकाच्या घड्याळात ६ मार्च ही तारीखच वगळली. हा उपाय हास्यास्पद वाटेल, पण तो चालला.

त्याच सुमारास पुण्यात कैलाश काटकर यांचं दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दहावीनंतर शिक्षण सोडून ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करायला शिकले, मग संगणकांकडे वळले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता. दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांचं दुखणं तारा-चिपांचं नसून व्हायरसचं असे. संजयनं एकेका व्हायरसवर उतारा लिहायला सुरुवात केली. त्यात मायकेलअँजेलोही होता. १९९३ साली कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस हे नाव लागलं आणि १९९५ साली या उताऱ्यांची मोट बांधून क्विक हील बाजारात आलं. लाहोरला दोन भाऊ आणि एक दुकान, पुण्याला दोन भाऊ आणि एक दुकान. एकीकडून व्हायरस निघाला, दुसरीकडून औषध. प्रयोगशाळेतून नव्हे, तर दुरुस्तीच्या टेबलावरून हे औषध आलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

अशा औषधाची रीत काय? प्रत्येक व्हायरसमध्ये बाइटांची एखादी ठरावीक ओळ असते, इतरत्र सहसा न सापडणारी. या ओळखखुणांची यादी घेऊन तपासनीस-प्रोग्राम एकेक फाइल चाळतो. पोलिसांकडच्या बोटांच्या ठशांसारखंच हे. उघड आहे की ज्याचा ठसा यादीत नाही तो सुटतो. म्हणून यादी सतत नवी करावी लागते. तेव्हा ती फ्लॉपीवर येई.

कोणी विचारेल, यादी कशाला, असा एकच तपासनीस का लिहीत नाही जो कोणताही व्हायरस अचूक ओळखेल? याचं उत्तर त्याच फ्रेड कोहेननं दिलं आहे आणि ते आठवी-नववीच्या वर्गातही समजावता येतं. समजा, तुमच्याकडे असा एक परीक्षक आहे जो कोणताही प्रोग्राम बघून "हा पसरेल" किंवा "हा पसरणार नाही" एवढंच सांगतो आणि कधीच चुकत नाही. आता मी एक खोडकर प्रोग्राम लिहितो. सुरू झाला की तो आधी तुमच्या परीक्षकालाच विचारतो, "माझ्याबद्दल तुझं काय मत?" परीक्षक म्हणाला "हा पसरेल", तर माझा प्रोग्राम काही न करता थांबतो. म्हणाला "पसरणार नाही", तर लगेच पसरतो. म्हणजे परीक्षकानं काहीही म्हटलं तरी तो चुकतो. तेव्हा कधीच न चुकणारा परीक्षक असूच शकत नाही! दोन मुलांना उभं करून हे नाट्य वर्गात करून बघा. एकाला परीक्षक करा, दुसऱ्याला खोडकर. परीक्षक झालेलं मूल तिसऱ्या-चौथ्या वेळी वैतागून "हे बरोबर नाही, सर" म्हणतं, तेव्हा सिद्धता त्याला कळलेली असते.

आता पुन्हा आमच्या शाळेकडे. त्या दिवशीच्या व्हायरसचं नाव सीआयएच. तैवानमधल्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याच्या नावाची ही आद्याक्षरं. २६ एप्रिलला चेर्नोबिलच्या दुर्घटनेची तारीख येते, म्हणून लोकांनी त्याला चेर्नोबिलही म्हटलं. प्रोग्रामच्या फाइलीत मधे मधे रिकाम्या फटी असतात. सीआयएच स्वतःचे तुकडे करून या फटींत बसे, त्यामुळे फाइलीची लांबी वाढत नसे आणि लांबीवरून संशय घेणारे फसत. ठरल्या दिवशी तो दोन गोष्टी करी. डिस्कचा पहिला एक मेगाबाइट पुसून टाकी आणि मदरबोर्डवरच्या बायॉस या चिपमधला मजकूर बिघडवी. यंत्राला जाग कशी आणायची हे या चिपमध्ये लिहिलेलं असतं. ते गेलं की पडदा काळा.

दुरुस्तीवाल्यानं यंत्र आपल्या दुकानात न्यायचं ठरवलं. एसटीत मांडीवर कॅबिनेट घेऊन मी त्याच्याबरोबर गेलो. दुकानात त्याच जातीचा चांगला मदरबोर्ड होता. त्यानं तो सुरू केला आणि चालू यंत्रातून त्याची बायॉस चिप चिमट्यानं अलगद उपटून काढली! मला वाटलं, आता हेही मेलं. पण ते चालूच राहिलं, कारण जागं झाल्यावर चिपमधला मजकूर मेमरीत उतरलेला असतो. मग तिच्या जागी आमची मुकी चिप बसवून त्यानं फ्लॉपीवरून तिच्यात नवा मजकूर भरला. आमच्या बोर्डावर ती चिप लावताच यंत्र बोलू लागलं. पुस्तकी ज्ञानाच्या जोरावर पुढे मी डॉक्टरेट मिळवली, पण इतकं देखणं प्रात्यक्षिक फार थोड्या वेळा पाहिलं.

डिस्क मात्र गेली होती. कोणती फाइल कुठे कुठे आहे याची नोंदवही डिस्कच्या सुरुवातीला असते, आणि खबरदारी म्हणून तिच्या दोन प्रती असतात. नव्या पद्धतीच्या डिस्कवर ही वही मोठी असल्यानं दुसरी प्रत पहिल्या मेगाबाइटच्या पलीकडे पडे. अशा डिस्का वाचवणारे उतारे पुढच्या काही दिवसांत निघाले. आमची डिस्क जुन्या पद्धतीची. तिच्या दोन्ही प्रती शेजारी शेजारी, दोन्ही एका फटक्यात गेल्या. नक्कल असून ती मूळ प्रतीच्या कुशीत ठेवली तर उपयोग काय!

निकाल वाचला तो वर्गशिक्षकांच्या हाती लिहिलेल्या गुणवह्यांमुळे. अकरा शिक्षक तीन रात्री कचेरीत बसले, बेरजा पुन्हा केल्या आणि १ मेला निकालपत्रकं हस्ताक्षरात निघाली. मी चहा आणत होतो आणि बेरजा ताडून बघत होतो. इंग्रजीच्या सरांनी वही माझ्यापुढे नाचवत म्हटलं, "आमच्या वहीला व्हायरस लागत नाही." सगळे हसले, मीही हसलो. तेव्हाही सांगितलं नाही. सीडी मित्राला मुकाट्यानं परत केली. ती पुढे जाणार हे कळत होतं. पुढच्या वर्षी, २६ एप्रिल २००० ला, त्याच मित्राच्या मामांच्या खतांच्या दुकानातला संगणक तसाच काळा पडला. दुरुस्तीवाल्यानं विचारलेल्या एका प्रश्नाला उत्तर दिलं असतं, तर ती सीडी त्याच दिवशी मोडून टाकता आली असती.

त्यानंतर फ्लॉपी गेली, पेनड्राइव्ह आला. मी पीएचडी करत होतो त्या काळात झेरॉक्सच्या दुकानात प्रबंधाची पानं छापून आणली की पेनड्राइव्हमधून हमखास काहीतरी बरोबर येई. पेनड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्राम आपणहून चालवायची विंडोजची सोय होती, तिचा हा परिणाम. १९८६ सालचा तो आज्ञाधारकपणाच पुन्हा. ही सोय जुन्या विंडोजवरही बंद करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनं २०११ च्या फेब्रुवारीत सरसकट पोहोचवली.

शिक्षकांच्या त्या वह्या मला आठवल्या २०१७ साली. २७ जूनला नॉटपेट्या नावाचा व्हायरस युक्रेनमधून निघाला, तोही एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अधिकृत सुधारणेतून. म्हणजे औषधाच्याच बाटलीतून. मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रं बंद पडली. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात त्यांच्या समूहाचा एक धक्का आहे, तिथलंही काम अडलं. कंपनीनं दहा दिवसांत पंचेचाळीस हजार संगणक नव्यानं उभे केले. त्यात सगळ्यात मोठी अडचण कोणती होती? कोणत्या माणसाला कोणत्या यंत्रात प्रवेश, ही मूळ नोंद ज्या सुमारे दीडशे यंत्रांवर होती ती एकमेकांची नक्कल ठेवत असत, आणि सगळी एकदमच पुसली गेली होती. शोधता शोधता घानामध्ये एक सापडलं. हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती, म्हणून ते यंत्र जाळ्यात नव्हतं. त्याची डिस्क माणसांच्या हाती, विमानानं, नायजेरियामार्गे इंग्लंडला नेण्यात आली. भारनियमनाचा असा उपयोग आपल्या वीजमंडळालाही सुचला नसेल.

हेडक्लार्क काका आता निवृत्त आहेत. दोन वर्षांपूर्वी एका दुपारी त्यांचा फोन आला. मुलानं दिलेल्या लॅपटॉपवर मोठा आवाज होतोय, पडद्यावर लाल अक्षरांत 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा' असं आलंय, बंद होत नाही. फोन करू का?

मी घाईघाईनं नको म्हटलं. ही खोट्या तांत्रिक मदतीची फसवणूक. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलून यंत्राचा ताबा घेतो आणि नसलेला व्हायरस काढण्याचे पैसे मागतो. इंग्लंड-अमेरिकेतल्या म्हाताऱ्यांना असे फोन करणारी अनेक केंद्रं आपल्याच देशातल्या शहरांत पोलिसांनी पकडली आहेत. लाहोरच्या भावांनी व्हायरस लिहून खरा नंबर दिला होता. यांना व्हायरस लिहायचीही गरज उरलेली नाही, नंबर पुरतो.

"मी तुलाच आधी केला," काका म्हणाले. "तू तेव्हा त्या दुरुस्तीवाल्याबरोबर गेला होतास ना, त्या निकालाच्या वेळी."

मग मी त्यांना सीडीचं सांगितलं. पंचवीस वर्षांनंतर. पलीकडे लॅपटॉपचा भोंगा वाजतच होता.

"बरं," काका म्हणाले. "ते मागाहून बोलू. आधी हे बंद कसं करायचं ते सांग."

मी म्हटलं, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप, तिन्ही कळा एकदम दाबा. एक यादी उघडेल, तिच्यात ब्राउझरचं नाव शोधा.